अराज्यवाद, सर्वोदय की सत्यशोधकी वाट? अकरा जणांच्या गटासाठी एक तुलना

माझी भाची आणि तिच्याबरोबरचे दहा जण गेल्या पावसाळ्यापासून दांडेकर पुलाजवळच्या एका वस्तीत संध्याकाळची अभ्यासिका चालवतात. आता त्यांना त्या कामाला वैचारिक बैठक हवी झाली आहे. दर रविवारी दोन तास एकत्र वाचायचं आणि त्यातून गट कसा चालवायचा हेही ठरवायचं, असा बेत. परवा घरी येऊन तिने जाहीर केलं, "मावशी, आम्ही अध्यक्ष-सचिव काही ठेवणार नाही. अराज्यवादी पद्धतीने चालणार."

म्हटलं, चालवा की. पण अभ्यासिकेची किल्ली कोणाकडे असते?

तिने एका मुलाचं नाव घेतलं. नेहमी त्याच्याकडेच? "हो, त्याचं घर जवळ आहे ना."

मग रात्री अकरापर्यंत बोलत बसलो. तिच्यापुढे तीन वाटा होत्या: युरोपातला अराज्यवाद, गांधी-विनोबांचा सर्वोदय आणि फुले-आंबेडकरांची परंपरा. रविवार मोजकेच, त्यामुळे सुरुवात एकीपासूनच करता येणार. अशाच पेचात असलेले आणखी गट पुण्यात आहेत, म्हणून ते बोलणं थोडं नीट करून इथे देते. मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते.

आधी शब्दाचा गोंधळ

'अराजक माजलं' असं वर्तमानपत्रात वाचलं की डोळ्यांपुढे जाळपोळ आणि लूटमार येते. अराज्यवाद ही वेगळी गोष्ट. व्यवस्था हवी, पण ती वरून लादलेली नको. माणसं आपसांत ठरवतील, सहकार्य करतील, हुकूम चालवणारं कोणी नसेल, एवढा त्याचा गाभा. १८४० साली फ्रान्समध्ये प्रूदाँने स्वतःला हे नाव अभिमानाने लावून घेतलं. बेबंदशाहीशी या लोकांचा फार संबंध नाही. उलट त्यांच्या बैठका इतक्या लांबतात आणि कार्यपद्धतीवर इतका काथ्याकूट होतो, की आपल्या हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा बरी वाटावी.

युरोपातली वाट: काय मिळतं, काय मिळत नाही

या वाटेवर पहिल्यांदा हाती लागते ती एक इशारेवजा भविष्यवाणी. १८७२ मध्ये हेगला पहिल्या इंटरनॅशनलमध्ये, म्हणजे कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत, मार्क्स आणि रशियन अराज्यवादी बकुनिन यांची कायमची फारकत झाली. बकुनिनचं म्हणणं साधं होतं: कामगारांच्या नावाने राज्य ताब्यात घ्याल, तर कामगारांच्या डोक्यावर नवा साहेब बसेल. तो १८७६ मध्ये वारला; इशारा खरा ठरला तो रशियन क्रांतीनंतर. फेब्रुवारी १९२१ मध्ये मॉस्कोत क्रोपोटकिन या रशियन अराज्यवादी विचारवंताच्या अंत्ययात्रेला अराज्यवाद्यांची मोठी गर्दी लोटली, आणि पुढच्याच महिन्यात क्रोनश्टाटच्या नाविक तळावरच्या बंडखोर खलाशांवर बोल्शेविक सरकारने फौज घातली. ज्यांना डावं व्हायचं आहे पण पक्षाच्या शिस्तीची धास्ती वाटते, त्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

दुसरी गोष्ट परस्पर साहाय्याची. क्रोपोटकिन सरदार घराण्यातला, पण सैबेरियात भूगोलाचा अभ्यास करत हिंडलेला माणूस. थंडीत तगून राहायला प्राणी आणि माणसं एकमेकांना धरून राहतात, हे त्याने तिथे पाहिलं. जगण्याचा नियम म्हणजे निव्वळ स्पर्धा, या त्या काळच्या लाडक्या समजुतीला त्याने १९०२ मध्ये पुस्तकरूपाने उत्तर दिलं. कोविडच्या काळात पुण्यातल्या मंडळांच्या पोरांनी डबे पोचवले, तेव्हा त्यांतल्या कोणी क्रोपोटकिन वाचला नव्हता. वाचायची गरजही नव्हती.

तिसरी गोष्ट आपल्या कॅलेंडरवरच आहे. १ मे म्हटलं की आपल्याला महाराष्ट्र दिन आठवतो. तोच कामगार दिनही आहे. तो आला शिकागोहून. आठ तासांच्या दिवसासाठी १८८६ च्या १ मेला संप सुरू झाला. ४ मेला हेमार्केट चौकात बॉम्ब फुटला आणि आठ अराज्यवाद्यांवर खटला चालला. बॉम्ब कोणी टाकला ते सिद्ध झालं नाही, तरी ११ नोव्हेंबर १८८७ ला चौघांना फाशी दिलं. उरलेल्यांतल्या तिघांना १८९३ मध्ये गव्हर्नरने खटलाच अन्यायाचा होता असं म्हणून सोडलं. तेव्हा सामाजिक न्यायाच्या चळवळींशी अराज्यवादाचं नातं काय, असं कोणी विचारलं तर मी आधी ही सुट्टी दाखवते. मात्र त्याच्या शेजारी दुसरी तारीखही ठेवते. फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० ला कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. दशक तेच, मागणी जवळपास तीच. शिकागोकर राज्य मोडायला निघाले होते. लोखंडे सरकारकडे अर्ज करत होते आणि मालकांशी झुंजत होते. भाचीच्या गटाची बैठक रविवारी होते ती कोणामुळे, हे तिला ठाऊक नव्हतं.

आता उणी बाजू. युरोपातल्या अराज्यवाद्यांना राजा, चर्च आणि कारखानदार ओळखू येत होते. घरातली सत्ता त्यांना उशिरा दिसली. स्पेनमध्ये १९३६ मध्ये अराज्यवादी चळवळ ऐन भरात होती, त्याच वर्षी तिथल्या बायकांना 'मुहेरेस लिब्रेस', म्हणजे मुक्त स्त्रिया, नावाची वेगळी संघटना काढावी लागली. सभेत समतेवर बोलणारा कॉम्रेड घरी गेल्यावर मालकासारखा वागतो, ही त्यांची तक्रार होती. अमेरिकेतही तसंच. कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षात वरून येणाऱ्या हुकमांना कंटाळून अशांती ऑल्स्टन, कुवासी बालगून असे काही जण अराज्यवादाकडे वळले. पण गोऱ्या अराज्यवाद्यांना त्यांचं सांगणं होतं, की वंशभेद हा तुमच्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात उरकण्याचा विषय नाही. त्या वाक्यात वंशाच्या जागी जात घाला, म्हणजे ही वाट आपल्याकडे कुठे अडते ते कळेल.

भारतीय धागे आहेत, पण बारीक. एम. पी. टी. आचार्य १९२० मध्ये ताश्कंदला कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत होते, पुढे पक्के अराज्यवादी झाले आणि १९५४ मध्ये मुंबईत जवळपास विस्मरणात वारले. भगतसिंगांनी १९२८ मध्ये पंजाबीतल्या 'किरती' मासिकात अराज्यवादावर लेख लिहिले. १९२९ मध्ये असेंब्लीत फेकलेल्या पत्रकाची सुरुवातच 'बहिऱ्यांना ऐकू जायला मोठा आवाज लागतो' या आशयाच्या ओळीने होते. ती फ्रेंच अराज्यवादी वायाँची. त्याने १८९३ मध्ये फ्रान्सच्या संसदेत बॉम्ब टाकला होता. भगतसिंगांबरोबर फासावर गेलेले राजगुरू आपल्या खेडचे. पण हे आकर्षण बलिदानाचं. अभ्यासिका चालवायला त्यातून फारसं काही मिळत नाही.

गांधी-विनोबांची वाट

फेब्रुवारी १९१६ मध्ये बनारसच्या सभेत गांधीजी म्हणाले होते, की मीही अराज्यवादीच, फक्त निराळ्या जातीचा. व्यासपीठावरचे संस्थानिक एवढे अस्वस्थ झाले की भाषण अर्ध्यावर थांबवावं लागलं. विनोबांनी ते पुढे नेलं: राजनीती नको, लोकनीती हवी, समाज शासनमुक्त व्हावा, आणि निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने व्हावेत.

याचा जिवंत नमुना बघायचा तर गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात जावं. शंभरेक घरांचं गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते आणि ठरवण्याआधी अभ्यासगटात विषय घोळवते. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाले. युरोपातल्या कोणत्याही अराज्यवाद्याला हेवा वाटावा असं काम आहे. मात्र दोन गोष्टी डोळ्यांआड करू नका. हे हक्क २००६ च्या कायद्याने मिळाले, म्हणजे राज्याच्याच कागदाने. आणि मेंढा हे एका आदिवासी समाजाचं गाव आहे. गावकुसाबाहेर ज्यांना ठेवलं जायचं, अशी वस्ती तिथे नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या बारा बलुतेदारी गावात सर्वसहमती म्हणजे पाटलाच्या ओसरीवर ठरतं ते. भूदानाचंही तसंच झालं. १९५१ मध्ये पोचमपल्लीला सुरुवात झाली तेव्हा दलित कुटुंबांनी मागितलेल्या जमिनीतूनच ती झाली, हे खरं. पण पुढे दान आलेल्या जमिनीतली बरीच पडीक निघाली आणि बरीच वाटलीच गेली नाही. देणाऱ्याच्या मनावर सगळं सोपवलं की देणाऱ्याचंच मन चालतं.

मुळशी, म्हणजे ही परीक्षा घराजवळच

सेनापती बापट रस्त्यावरून तुम्ही रोज जात असाल. मॉल, आयटी कंपन्या, सिग्नलला अडकलेल्या गाड्या. ज्यांच्या नावाचा रस्ता, ते पांडुरंग महादेव बापट तरुणपणी पॅरिसला जाऊन एका रशियन क्रांतिकारकाकडून बॉम्बची विद्या शिकून आले होते. 'सेनापती' ही पदवी मात्र त्यांना मुळशीने दिली. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांनी मुळशीत धरण बांधायला घेतलं. सरकारने भूसंपादनाचा कायदा त्यांच्या दिमतीला दिला. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, मावळ्यांनी कामावर जाऊन सत्याग्रह केला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. जगातल्या अगदी सुरुवातीच्या धरणविरोधी लढ्यांत त्याची गणना होते.

राज्य आणि भांडवल हातात हात घालून कसं चालतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण बकुनिनलाही सापडलं नसतं. आता आतली बाजू बघा. जमीन कसणारे मावळे होते, पण बऱ्याच जमिनीच्या कागदांवर नावं पुण्याच्या सावकारांची होती. लढा लांबला तसे सावकार वाढीव मोबदल्याकडे वळले. त्यांना जमिनीची किंमत हवी होती आणि कुळांना जमीन. बापट शेवटी रेल्वे अडवून, शस्त्र चालवून तुरुंगात गेले. धरण झालं. गांधी विरुद्ध क्रांती, अहिंसा विरुद्ध हिंसा, हे वाद त्यावर पुष्कळ झाले. मला त्यात सगळ्यांत बोलका तपशील वाटतो तो सातबाऱ्यावरच्या नावाचा. 'लोक विरुद्ध राज्य' असं म्हणताना लोकांमध्येच कोणाची कोणावर सत्ता आहे हे विचारलं नाही, की लढा कुठून उसवतो ते मुळशीत दिसतं.

फुले-आंबेडकरांची वाट

हा प्रश्न जिथे पहिला विचारला जातो ती ही वाट, आणि तिची सुरुवात पुण्यातलीच. २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन झाला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिला सत्यशोधकी विवाह लागला, भटजीविना. जुन्नरजवळ ओतूरला असा विवाह झाल्यावर ग्रामजोश्यांनी दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्टात दावा ठोकला, यावरून घाव कुठे बसला होता ते कळतं. त्याआधी १८६८ मध्ये फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता. मागणी नाही, निवेदन नाही, परवानगी नाही. अराज्यवादी ज्याला थेट कृती म्हणतात ती याहून वेगळी काय असते? गंज पेठेत तो हौद आजही बघायला मिळतो. बैठकीआधी तिथे एक चक्कर मारा, असं मी भाचीला सांगितलं.

पण फुले राज्याकडे पाठ फिरवून बसले नाहीत. ते पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. बाबासाहेब आणखी पुढे गेले. १९४७ मध्ये त्यांनी शेती आणि मूळ उद्योग राज्याच्या ताब्यात असावेत असा आराखडा मांडला. राज्याच्या नियंत्रणातून सुटका म्हणजे खाजगी मालकाची हुकूमशाही, हा त्यांचा युक्तिवाद. खेड्याला ते संकुचितपणाचं डबकं मानत आणि ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी हे तोंडावर सांगितलं. विनोबांच्या स्वयंपूर्ण गावाला आणि क्रोपोटकिनच्या कम्यूनला एका दमात मिळालेलं हे उत्तर आहे, असं मी समजते. क्रोपोटकिनला माहीत असलेल्या गावात विहीर कोणाची हा प्रश्न नव्हता.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणातला 'अराजकाचं व्याकरण' हा शब्दप्रयोग अराज्यवादाच्या विरोधात वापरला जातो. तो तसा नाही. घटनात्मक मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रह, असहकार असले मार्ग सोडले पाहिजेत, असं ते म्हणत होते. तसे मार्ग नव्हते तेव्हा त्यांचं समर्थन होऊ शकत होतं, हेही त्यांनी त्याच भाषणात मान्य केलं. महाडला १९२७ मध्ये तळ्याचं पाणी प्यायले ते हेच बाबासाहेब. १९२९ मध्ये पर्वतीवर मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला. लक्ष्मी रोडवर दिवाळीची खरेदी करणाऱ्या किती पुणेकरांना तो माहीत असेल?

या वाटेची उणीवही सांगते. संघटनेत एका नेत्याभोवती सगळं गोळा होतं. १९७२ मध्ये निघालेली दलित पँथर दोन वर्षांत फुटली, आणि त्यात विचारांइतकंच व्यक्तींचं भांडण होतं. तिथे बकुनिन उघडा.

खोलीत काय होतं

वीसेक वर्षांपूर्वी मीही एका बिनअध्यक्षांच्या गटात होते. बैठका एका मित्राच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये व्हायच्या. दाराबाहेर चपलांचा ढीग असायचा आणि एकाच माणसाची चप्पल त्यात नसायची. अध्यक्ष कोणी नव्हता, पण चप्पल ज्याची बाहेर नाही त्याचं म्हणणं सहसा मान्य व्हायचं. एक मुलगी येरवड्याहून यायची. नऊच्या सुमाराला पीएमटी धरायला उठायची. महत्त्वाचं सगळं नऊनंतर ठरायचं. 'सर्वांच्या सहमतीने', असं वहीत लिहायचे. वही मीच लिहायचे, म्हणून सांगते. कप मात्र कायम ठरावीक दोघीच विसळायच्या. ती मुलगी एक दिवस यायची थांबली आणि आम्हाला ते लक्षात यायला तीन आठवडे लागले.

अमेरिकन स्त्रीवादी जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे लिहून ठेवलं होतं: रचना नाही असं म्हटलं की रचना जात नाही, फक्त दिसेनाशी होते. आम्ही ते वाचलं गट मोडल्यावर.

पुण्यात याची चांगली उत्तरंही शोधली गेली आहेत, आणि ती कष्टकऱ्यांनी शोधली आहेत. हमाल पंचायतीने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केलं: स्वस्त, पोटभर, नफ्याशिवाय. हे शुद्ध परस्पर साहाय्य. पण त्याच हमालांनी १९६९ च्या माथाडी कायद्यासारखं संरक्षणही लढून मिळवलं. १९९३ पासूनच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतल्या बायकांना महापालिकेचं ओळखपत्र हवं होतं, कारण पोत्यातला माल चोरीचा ठरवून पोलिसांनी हटकलं की तोच कागद उपयोगी पडतो. आणि कचरा गोळा करण्याची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था त्यांच्या स्वतःच्या मालकीची आहे. राज्य नको म्हणणं ज्याच्या खिशात आधीच आधार कार्ड, डिग्री आणि घरभाड्याचा करारनामा आहे त्याला सोपं जातं.

मग कोणी काय निवडावं

तुमचा गट एकाच समाजाचा, एकाच वस्तीतला, रोज एकमेकांना भेटणारा असेल तर मेंढ्याची पद्धत घ्या; सर्वसहमती जमेल. पक्षाच्या किंवा मोठ्या संस्थेच्या आतून तुम्ही वैतागून बाहेर पडला असाल, तर बकुनिन आणि अमेरिकेतल्या अराज्यवादी एमा गोल्डमनपासून सुरुवात करा. निदान आपण वेडे नव्हतो एवढा दिलासा मिळेल. पण गट जातीने, पैशाने, राहण्याच्या अंतराने मिश्र असेल, आणि पुण्यात तो असणारच, तर पहिले तीन महिने फुले आणि आंबेडकर. क्रोपोटकिन चौथ्या महिन्यात, आणि तोही प्रश्न विचारत.

काम चालवण्याची पद्धत मात्र अराज्यवाद्यांकडून बिनदिक्कत उचला. किल्ली, वही आणि पैसे तीन वेगवेगळ्या माणसांकडे, दर महिन्याला फिरते. हिशेब भिंतीवर. कप विसळण्याची पाळी लिहून. आणि सगळ्यांत लांब राहणाऱ्याची शेवटची बस निघाली की निर्णय बंद.

नोंदणीचं विचाराल तर १८६० च्या कायद्याखाली संस्था काढायला किमान सात जण लागतात. महाराष्ट्रात ती सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदवावी लागते. मग दरवर्षी ऑडिट आणि विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट. महिन्याचा खर्च वर्गणीतून भागत असेल तर या भानगडीत पडू नका. बाहेरून देणगी घ्यायची झाली तर पडावंच लागेल, आणि तेव्हा कागदावर अध्यक्षही येईल.

भाचीने सगळं ऐकून घेतलं. तिच्या गटाने माझा क्रम काही मानला नाही. ते क्रोपोटकिनपासूनच सुरू करणार आहेत, कारण अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या दुकानात एकाला त्याची प्रत ऐंशी रुपयांना मिळाली. किल्ली मात्र या महिन्यात तिच्याकडे आहे. काल माझ्याकडे जेवायला आली आणि साडेपाचला घास टाकून पळाली, अभ्यासिका उघडायची होती म्हणून.